मंद आचेचे गणित

डाळीस उकळी फुटली की सुगरण चुलीतले एक लाकूड मागे ओढते. त्यापुढे जाळ भडकवल्याने डाळ लवकर शिजत नाही, सरपण मात्र संपते, हे तिला कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक असते. श्रोतेहो, शेतावरील ट्रॅक्टरासही हाच न्याय लागू आहे. पण तेथे खर्चाचे खरे माप कळावे म्हणून एका देशात कायदा करावा लागला.

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. त्याने घेतलेला ट्रॅक्टर जाहिरातीतील वर्णनास उतरला नाही. हा गृहस्थ विधिमंडळात निवडून गेला आणि त्याच्या पुढाकाराने १९१९ साली असा कायदा झाला की, विद्यापीठाच्या परीक्षेवाचून त्या राज्यात ट्रॅक्टर विकता येऊ नये. १९२० पासून लिंकन येथे परीक्षा सुरू झाल्या. एका गॅलन इंधनात किती अश्वशक्ती किती तास मिळाली, हे छापून प्रसिद्ध होऊ लागले. विक्रेत्याच्या जिभेवर विसंबण्याचे कारण उरले नाही. भारतात मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांची अशी तपासणी करते.

आता हे माप काय सांगते ते पाहू. एक लिटर डिझेलमध्ये घरच्या विजेच्या सुमारे १० युनिटांइतकी ऊर्जा साठलेली असते. पूर्ण भारावर चांगला ट्रॅक्टर त्यांतील ३ युनिटांच्या आसपास काम आपल्या मागील फिरत्या दांड्यावर देतो. या दांड्यास पीटीओ म्हणतात. मळणी यंत्र, फवारणी यंत्र, रोटाव्हेटर यांना तोच फिरवतो. परंतु भार निम्म्यावर आला म्हणून डिझेलचा खर्च निम्मा होत नाही. इंजिनातील घर्षण, पंखा आणि पंप यांचे देणे काम असो वा नसो, चुकवावेच लागते. आणि वेग वाढतो तसे ते वाढते. केवळ मानासाठी कर्ज काढून घेतलेला मोठा ट्रॅक्टर हलक्या कामास जुंपला, तर हे देणे रोज भरावे लागते.

ओढण्याचे अवजार हलके असेल, तर वरचा गिअर घालावा आणि 'रेस' कमी करावी. शेतातील चाल तीच राहते, इंजिन मात्र सावकाश फिरते. पीटीओवरील यंत्राची गोष्ट निराळी. त्यास बहुधा मिनिटास ५४० फेरे हवे असतात. नुसती रेस कमी केली, तर फेरे घटतात. फवारा दुबळा पडतो, मळणी अर्धवट होते. यासाठी काही ट्रॅक्टरांत 'इकॉनॉमी पीटीओ' असतो. त्यात इंजिनाच्या कमी वेगावरही तेच ५४० फेरे मिळतात. हलक्या यंत्रास तो फार उपकारक. जड यंत्रास मात्र तो जोडू नये. इंजिन गुदमरते, काळा धूर ओकते आणि बचतीच्या नावाने नुकसान पदरी येते.

शहरातील पुष्कळ घरांचे एक मूळ अजून गावच्या शेतात आहे. तेथे एक साधा प्रयोग करता येईल. सपाट जागी टाकी काठोकाठ भरावी, एक एकर काम करावे आणि टाकी पुन्हा तितकीच भरावी. दुसऱ्यांदा जितके लिटर लागले, तितका त्या एकराचा खर्च. दोन निरनिराळ्या गिअरांत हे करून वहीत आकडे मांडले, म्हणजे कोणते लाकूड मागे ओढावे, हे शेतकऱ्यासही सुगरणीइतकेच स्पष्ट दिसेल.