काजळचे शिक्षण

(मंडळाच्या वर्धापनदिनी, जानेवारी २०२५ मध्ये केलेले भाषण)



या मंडळाच्या सतरंजीवर लहानपणी मी आईचा पदर धरून बसत असे. आज स्वतःची खुर्ची घेऊन आले आहे. २०१६ साली कॅलिफोर्नियात मोटारीच्या अपघातात माझा कणा दुखावला आणि कंबरेखालचे अंग गेले. तेव्हापासून ही चाकांची खुर्ची. त्या अपघाताविषयी मी बोलणार नाही. चिटणीसबाईंनी मला विषय दिला आहे तो आमच्या काजळचा.

काजळ ही लॅब्रडॉर जातीची काळीभोर कुत्री. ‘घरात माणूस असताना कुत्री कशाला?’ असे काल एका वहिनींनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. माझ्या हातून दिवसाकाठी वीस वेळा काहीतरी पडते. किल्ल्या, चष्मा, उलथने. खाली वाकले की तोल जातो, म्हणून हाक मारायची. हे येतात, उचलून देतात, एका शब्दाने बोलत नाहीत. पण पाचव्या-सहाव्या खेपेला त्यांचा श्वास जरा लांब येतो, आणि तो मला ऐकू येतो. मग मी हाक मारीत नाही. उलथने संध्याकाळपर्यंत तेथेच पडून राहते.

आंधळ्यांना वाट दाखवणारी कुत्री आपण सर्वांनी ऐकली आहेत. हातापायांनी अधू असलेल्यांसाठी कुत्री तयार करणारी संस्था बॉनिटा बर्गिन या बाईंनी १९७५ साली कॅलिफोर्नियातच, सँटा रोझा गावी काढली. त्यांचा पहिला कुत्रा अब्दुल, केरी नाउस नावाच्या तरुणीला मिळाला. अशा संस्थांतून कुत्रे मिळायला पुष्कळ थांबावे लागते. मात्र अमेरिकेतील १९९० च्या कायद्याप्रमाणे आपले कुत्रे आपण शिकवले तरी चालते, त्याला दाखला लागत नाही. दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात : हे अपंगत्वासाठी लागणारे कुत्रे आहे का, आणि ते कोणते काम करते. मी म्हटले, दोन मुलांना पाढे शिकवले, हेही जमेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये आठ आठवड्यांची काजळ घरी आली. तिसऱ्याच आठवड्यात खुर्ची मागे घेताना माझे चाक तिच्या पंजावरून गेले. हाड वाचले, पण त्या दिवसापासून खुर्ची हलली की ती पलंगाखाली. जिच्यासाठी तिला आणली तिच्याच जवळ ती येईना. रात्री मी रडले, खोटे कशाला सांगू?

मग उलटीकडून सुरुवात केली. मी पलंगावर बसायची, खुर्ची रिकामी. खुर्चीच्या भोवती उकडलेल्या कोंबडीचे तुकडे टाकायचे. दुसऱ्या आठवड्यात ते पाय ठेवायच्या पट्टीवर. मग खुर्ची वीतभर हलवायची आणि लगेच तुकडा. पाच आठवडे गेले. मला स्वतःला त्या खुर्चीशी जुळवून घ्यायला वर्ष लागले होते, तेव्हा पोर हुशारच म्हणायची.

शिकवण्यात मारणे नाही, ओरडणे नाही. हातात टिचकीसारखा आवाज करणारी एक लहानशी डबी असते. हवी ती गोष्ट घडली की त्याच क्षणी टिचकी, मग खाऊ. क्षण चुकला तर भलतेच शिकते. मला वाकता येत नाही, म्हणून यांनी खुर्चीच्या दांडीला नळाचा एक पाइप बांधून दिला. त्यातून तुकडा घरंगळत थेट तिच्या तोंडापाशी जातो. शेजारीण म्हणाली, पोस्टाची पेटी केलीत!

आज्ञा सगळ्या मराठीत आहेत. बाजारात कोणी परका तिला हुकूम सोडू लागला तर ती ढिम्म हलत नाही. पण ‘घे’ आणि ‘दे’ हे शब्द तिच्या कानाला एकच वाटू लागले. वस्तू उचलून आणायची आणि मी ‘दे’ म्हटले की पुन्हा घट्ट धरायची. महिनाभर मी तिला हट्टी समजत होते. शेवटी ‘दे’ चे ‘हातात’ केले आणि दोन दिवसांत काम झाले.

धातू तोंडात धरायला कुत्र्यांना आवडत नाही. म्हणून किल्ल्यांना आधी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि ती रोज थोडी थोडी कमी केली. चौदाव्या महिन्यात, मी काही न सांगता, तिने ओट्याखाली पडलेले उलथने उचलून माझ्या मांडीवर ठेवले. त्या दिवशी मी ते मुद्दाम नऊ वेळा पाडले. नवव्या खेपेलाही शेपूट तशीच हलत होती.

फ्रिजच्या दाराला दोरी बांधून ‘ओढ’ शिकवले, ती मात्र माझी चूक. एका रात्री बाईंनी आपण होऊन दार ओढले आणि वाडगाभर श्रीखंड फस्त केले. आता दोरी रात्री सोडून ठेवतो.

खुर्ची मात्र ती अजून ओढत नाही. हाडे पक्की होण्यापूर्वी असे ओझे घातले तर सांधे बिघडतात, आणि लॅब्रडॉरच्या खुब्यात मुळातच दोष असण्याची भीती असते. दोन वर्षे पुरी झाली की एक्स-रे काढून खुबे पक्के तपासतात. संस्थांनी निवडून वाढवलेली पिल्लेही पुष्कळदा या कामाला उतरत नाहीत. गेल्या नोव्हेंबरात जिना चढून आल्यावर ती मागचा डावा पाय जरा जपून टाकते असे मला वाटले. यांना तसे वाटले नाही.

हे म्हणतात, दोष निघाला तर दुसरे पिल्लू आणू. मी अजून उत्तर दिलेले नाही. उलथने उचलायला खुबा लागतो किती, हे मला आधी डॉक्टरांना विचारायचे आहे. उतारावरची वाट, बाजाराचे जड दार, यांसाठी पुन्हा हाक मारावी लागली तर मारीन. पण तिची जागा दुसऱ्याला द्यायची म्हटले की माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

तपासणी जूनमध्ये आहे. तोवर ती यांच्यापाशी आहे आणि, फोनवर कळते, यांचे मोजे न मागता आणून देते. तिळगूळ वाटून झाला की प्रश्न विचारा, मी बसलेलीच आहे.