लोपामुद्रा : विदर्भकन्येचें दुर्मिळ नांव

विदर्भाच्या राजकन्या म्हटल्या कीं मराठी माणसाला रुक्मिणी आठवते, दमयंती आठवते. संस्कृताची गोडी असलेल्याला कालिदासाच्या 'रघुवंशा'तील इंदुमती आठवते. परंतु ज्या विदर्भकन्येचें नांव या तिघींच्याहि आधीं, थेट ऋग्वेदांत आलें आहे, ती लोपामुद्रा सहसा कोणाच्या ओठांवर येत नाहीं. रुक्मिणी पंढरीस जाऊन रखुमाई झाली आणि रखमा, रखमाबाई या रूपांनीं खेडोपाडीं नांदली. दमयंती आणि इंदुमती हीं नांवेंहि मराठी घरांत रुळलीं. 'लोपामुद्रा' अशी हांक मात्र महाराष्ट्रांत क्वचितच ऐकूं येते. उलट बंगाल आणि ओडिशा या प्रांतांत तें नांव ओळखीचें आहे. घरांत त्याचें सुटसुटीत 'लोपा' होतें, आणि लोपामुद्रा मित्र या गायिकेमुळें तें बंगाली रसिकांच्या चांगलें परिचयाचें झालें आहे. जें नांव माहेरीं परकें राहिलें आणि दूरदेशीं घरचें झालें, त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

या नांवाचे दोन अवयव उघड दिसतात. 'लोप' म्हणजे नाहींसें होणें आणि 'मुद्रा' म्हणजे ठसा, खूण, चेहऱ्यावरील भाव. परंपरेनें सांगितलेली उपपत्ति अशी कीं, अगस्त्य ऋषींनीं आपणांस अनुरूप पत्नी निर्माण करतांना निरनिराळ्या प्राण्यांचें जें जें अंग उत्तम, तें तें घेऊन तिला घडविलें. तिच्यापुढें त्या प्राण्यांच्या सौंदर्याची खूण लोपली, म्हणून ती लोपामुद्रा. महाभारताच्या वनपर्वांत ही घडण वर्णिली आहे खरी. पण तेथें नांवाचा अर्थ दिलेला नाहीं. विदर्भराजाच्या घरीं ती जन्मास आली आणि ब्राह्मणांनीं तिचें नांव लोपामुद्रा ठेविलें, एवढेंच तेथें म्हटलें आहे. ऋग्वेदांतील नांव आधींचें आणि ही कथा मागाहूनची. तेव्हां नांवाला अर्थ शोधतां शोधतां कथा वाढली असावी, असें मानण्यास जागा आहे.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील १७९ वें सूक्त अवघ्या सहा ऋचांचें आहे. त्यांतील पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या तोंडच्या मानतात. अनेक वर्षें रात्रंदिवस श्रमत आल्याचें ती सांगते. उगवणारी प्रत्येक पहाट वार्धक्य जवळ आणते आणि वार्धक्य देहाची शोभा हिरावून नेतें, याची पतीला आठवण देते. आणि सत्याचें पालन करणारे, देवांशीं बोलणारे पूर्वीचे ऋषीहि या मार्गाचा अंत गांठूं शकले नाहींत, म्हणून पतीनें पत्नीजवळ यावें, असें म्हणते. अगस्त्य तिचें म्हणणें झिडकारीत नाहींत. दोघांनीं मिळून संसाराची शर्यत जिंकावी, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. शेवटच्या ऋचेंत, तप आणि प्रजा या दोहोंची जोपासना करून अगस्त्यांचे मनोरथ देवांत सफल झाले, असें सांगितलें आहे. 'बृहद्देवता' या प्राचीन ग्रंथांत ब्रह्मवादिनींची जी नामावळी आहे, तींत घोषा, अपाला, विश्ववारा यांच्याबरोबर लोपामुद्रेचेंहि नांव आहे. तेव्हां हें नांव प्रथम भेटतें तें कोणा ऋषीची पत्नी म्हणून केवळ नव्हे, तर आपलें म्हणणें स्वतः मांडणारी स्त्री म्हणून.

महाभारतांतील लोपामुद्रा याच स्वभावाची आहे. ऐश्वर्यांत वाढलेली ही मुलगी अगस्त्यांनीं मागितली, तेव्हां राजाला ती द्यावीशी वाटेना, आणि शापाच्या भयानें नाहीं म्हणण्याचेंहि धैर्य होईना. त्या वेळीं तिनेंच पित्याला सांगितलें कीं, माझ्यासाठीं दुःख करूं नका, मला ऋषींना द्या. विवाह होतांच पतीच्या सांगण्यावरून तिनें उंची वस्त्रें व अलंकार टाकून वल्कलें आणि मृगाजिन धारण केलें, आणि गंगाद्वारीं त्यांच्या तपांत ती सहभागी झाली. पुढें संततीच्या इच्छेनें अगस्त्यांनीं तिला जवळ बोलाविलें, तेव्हां मात्र लज्जेनें हात जोडून तिनें आपली अट सांगितली : पित्याच्या घरीं होती तशी शय्या हवी, दोघांच्याहि अंगावर अलंकार हवेत, तपस्व्याच्या भगव्या वस्त्रांत आपण जवळ येणार नाहीं. एवढें धन आपणांपाशीं नाहीं, असें ऋषि म्हणाले. तपाच्या बळावर सारें मिळवितां येईल, हें तिनें सुचविलें. तसें केल्यास तपाचा व्यय होईल, असें उत्तर मिळालें. तेव्हां ती म्हणाली कीं, माझ्या ऋतूचा काळ थोडाच उरला आहे. दुसऱ्या रीतीनें मला हें नको, आणि तुमच्या धर्माची हानिहि मला नको.

तिच्या या अटीमुळेंच अगस्त्य राजांच्या दारीं गेले. श्रुतर्वा, ब्रध्नश्व आणि त्रसदस्यु या तिघांनीं आपला जमाखर्च त्यांच्यापुढें मांडला. आय आणि व्यय समान होते. तेथून धन घेतल्यास प्रजेला पीडा होईल, म्हणून ऋषींनीं कांहींच घेतलें नाहीं. अखेर इल्वल नांवाच्या दैत्याकडून त्यांना संपत्ति मिळाली. वातापीला अगस्त्यांनीं पचविल्याची प्रसिद्ध कथा ती हीच. परत आल्यावर त्यांनीं विचारलें कीं, हजार पुत्र हवे, शंभर हवे, दहा हवे, कीं हजारांना भारी असा एकच हवा? लोपामुद्रेनें एकच मागितला. पत्नीची इच्छा, पतीचें तप आणि प्रजेचें हित या तिहींचा मेळ घालणारी अशी कथा आपल्या वाङ्मयांत विरळा.

पुढें पुराणांत मात्र या नांवाचा सूर पालटला. स्कंदपुराणाच्या काशीखंडांत देव अगस्त्यांच्या आश्रमीं येतात आणि बृहस्पति लोपामुद्रेची स्तुति करतो. ती पतीच्या मागून जेवते, त्याच्या मागून निजते आणि त्याच्या आधीं उठते. त्याचें आयुष्य वाढावें म्हणून त्याचें नांव कधीं उच्चारीत नाहीं, असें तेथें वर्णन आहे. ही चाल मराठी घराला अपरिचित नाहीं. पतीचें नांव एरवीं न घेतां केवळ उखाण्यांतच घेण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जी वेदांत बोलली आणि भारतांत भांडली, ती पुराणांत मौनाचा आदर्श झाली. नांव तेंच राहिलें. त्यामागील स्त्रीचा आवाज तेवढा लोपला.

तथापि सर्वत्र तसें झालें नाहीं. शाक्त संप्रदायाच्या श्रीविद्येंत एका मंत्रपरंपरेची द्रष्टी म्हणून लोपामुद्रेला मान आहे. ललितासहस्रनामांत देवीच्या नांवांपैकीं एक नांव 'लोपामुद्रेनें पूजिलेली' या अर्थाचें आहे. कोडगु प्रांतांत तर लोपामुद्रा हीच कावेरी नदी झाली, अशी श्रद्धा आहे. अगस्त्यांनीं तिला कमंडलूंत ठेविलें आणि ती तेथून वाहती झाली, असें तेथील लोक सांगतात. दरवर्षीं ऑक्टोबरच्या मध्यास, तुला संक्रमणाच्या वेळीं, तलकावेरी येथें यात्रा भरते. अगस्ति ताऱ्याला भाद्रपदांत अर्घ्य देण्याचा जो विधि आहे, त्यांतहि लोपामुद्रेला राजकन्या आणि ऋषिपत्नी म्हणून वेगळें अर्घ्य दिलें जातें.

मग तिच्या माहेरींच हें नांव विरळ कां? अगस्ति कांहीं महाराष्ट्राला परके नाहींत. अहिल्यानगर जिल्ह्यांत अकोले येथें प्रवरेच्या कांठीं त्यांचा आश्रम दाखवितात. याचें एक कारण वाङ्मयाचें दिसतें. एकनाथांनीं १५७१ सालीं काशींत 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केलें आणि तें घरोघर वाचलें गेलें. रघुनाथ पंडितांच्या आख्यानानें नलदमयंती मराठी मनांत ठसलीं. लोपामुद्रेच्या वाट्याला तसें सर्वतोमुखी झालेलें आख्यान आलें नाहीं. दुसरें कारण कानाचें. 'लोप पावणें' हा मराठींत ऱ्हासाचा शब्द. पाळण्याच्या दिवशीं तो उच्चार कोणाला शुभ वाटावा? आणि तिसरें कारण व्यवहाराचें. रुक्मिणीची रखमा झाली, तसें लोपामुद्रेचें सोपें मराठी रूप घडलें नाहीं. तरी अलीकडे हें नांव माहेरीं अगदींच अनोळखी उरलेलें नाहीं. २०१६ सालीं एका आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेंत भारताचें प्रतिनिधित्व करणाऱ्या लोपामुद्रा राऊत या नागपूरच्याच.

नांवाच्या लोपाचा एक निराळा प्रकारहि महाराष्ट्राला ठाऊक आहे. विवाहाच्या वेळीं ताटांतील तांदळांत आंगठीनें वधूचें नवें नांव लिहावयाचें आणि त्या क्षणापासून जन्मनांव मागें पडावयाचें, ही रीत अनेक घरांत होती व कांहीं घरांत आजहि आहे. परदेशीं जाऊन १८८६ सालीं वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना होत्या. आईबापांनीं हौसेनें शोधलेलें एखादें विरळ नांव सासरच्या उंबऱ्यावर पुसलें जाई आणि पुढल्या पिढीला त्याचा पत्ताहि नसे. जुन्या कुळांच्या वंशावळींत तर पुत्रपौत्रांचीं नांवें ओळीनें सांपडतात. त्यांच्या मातांचीं बहुधा सांपडत नाहींत.

लग्नानंतर नांव बदलण्याची सक्ति कोणताहि कायदा करीत नाहीं; आपलें जन्मनांव कायम राखणाऱ्या स्त्रिया आज पुष्कळ आहेत. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें आणखी एक पाऊल टाकलें : १ मे २०२४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नांवामागून आधीं आईचें, मग वडिलांचें आणि शेवटीं आडनांव असा क्रम ठरविला. ज्या मुलीचें नांव आज ठेवावयाचें, तें उद्यां तिच्या मुलांच्या नांवांतहि लिहिलें जाईल. अशा वेळीं नांव निवडणाऱ्या आईबापांनीं 'लोप' या दोन अक्षरांना भिण्याचें कारण नाहीं. तीन सहस्र वर्षें उलटून गेलीं, तरी त्या विदर्भकन्येचें नांव आणि तिच्या दोन ऋचा अद्याप शाबूत आहेत. तिच्या प्रांतांतील एखाद्या पाळण्यावर तें नांव घेतलें गेलें, तर माहेरची एक मुलगी फार दिवसांनीं घरीं आल्यासारखें होईल.