आगाथा बार्बरा : बेटावरील एक राजकीय जीवन



माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातील अवघ्या ३१६ चौरस किलोमीटरांचे द्वीपराष्ट्र. तेथील स्त्रियांनी १९४७ साली प्रथम मतदान केले आणि त्याच निवडणुकीत झब्बार गावच्या चोवीस वर्षांच्या शिक्षिका आगाथा बार्बरा मजूर पक्षातर्फे कायदेमंडळात निवडून आल्या. १९५५ साली त्या शिक्षणमंत्री झाल्या. १९५८ च्या एप्रिलात मिंटॉफ मंत्रिमंडळाने ब्रिटिशांशी झालेल्या संघर्षात राजीनामा दिला, सार्वत्रिक संप झाला आणि कालच्या मंत्रीणबाई तुरुंगात गेल्या!

पण खरी कसोटी पुढेच होती. १९६२ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला मत देणे चर्चने महापाप ठरविले. मोठ्या देशात मतदार गर्दीत लपू शकतो. जेथे पाद्री प्रत्येक घर ओळखतो, तेथे असे मत देण्यास केवढे धैर्य लागले असेल! बार्बरा तरीही निवडून आल्या. १९७१ नंतर त्या पुन्हा शिक्षणमंत्री आणि १९७४ पासून कामगारमंत्री होत्या. स्त्री-पुरुषांना समान वेतन याच काळात लागू झाले. माझ्या मते त्यांचे हे कार्य अध्यक्षपदाहून मोठे आहे.

१९८२ साली त्या माल्टाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. मात्र १९८१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला मते कमी आणि जागा अधिक मिळाल्या होत्या. विरोधकांनी संसदेवर बहिष्कार घातला होता. स्वपक्षीय म्हणून आपण याकडे डोळेझाक करता कामा नये. १९८७ पर्यंत त्या त्या पदावर होत्या.