भरत्या बाटलीचा स्वर



नळाखाली कळशी लावून घरातली बाई दुसऱ्या कामाला लागते, तरी कळशी भरत आल्याचे तिला न पाहता कळते. पाणी चढते तसा आवाज उंच होत जातो. कानाला ठाऊक असलेली ही गोष्ट आता हातातल्या स्मार्टफोनने मोजता येते. जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठाने २०१६ साली 'फिफॉक्स' नावाचे मोफत ॲप काढले. आवाजात कोणत्या वारंवारतेचा जोर जास्त आहे, ते त्यात आलेखावर दिसते.

सरळ अंगाची, रुंद तोंडाची उभट बाटली घ्या. तोंडावरून हलकी फुंकर मारा. वाजते ती आतली हवा. एका टोकाला बंद असलेल्या नळीत हवेची उंची मूळ स्वराच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा असते. आपल्याकडच्या हवामानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर. म्हणजे १७ सेंटीमीटर हवा असेल, तर स्वर ५०० हर्ट्झच्या आसपास. पाणी ओतून हवा निम्मी केली की स्वर जवळजवळ दुप्पट, एक सप्तक वर! फोनवरचा आकडा मात्र हिशेबापेक्षा थोडा कमीच येतो, कारण तोंडाबाहेरची थोडी हवाही आतल्या हवेबरोबर हलते. मला या प्रयोगात हा फरकच सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे मूल 'असे का?' म्हणून विचारते.

हवा अशीच आणखी एका ठिकाणी वाजते. ठिबकणाऱ्या नळाचा 'टप्' आवाज घ्या. ब्राझीलमध्ये मित्राच्या घरी गळक्या छपराच्या थेंबांनी केंब्रिज विद्यापीठातले संशोधक अनुराग अगरवाल यांची झोपमोड केली. त्यांच्या गटाने २०१८ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवून दिले, की थेंब आदळतो तेव्हा नव्हे, तर पाण्याखाली अडकलेला हवेचा इवलासा बुडबुडा थरथरतो तेव्हा हा आवाज उमटतो. नळाखालच्या बादलीत भांडी घासायचा द्रवसाबण थोडा टाका, आवाज थांबतो.

शिक्षकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांच्या हाती बाटली, फूटपट्टी आणि थोडा वेळ फोन द्या. बाटलीतल्या हवेची उंची मीटरमध्ये मोजायची, तिला चारने आणि मग वारंवारतेने गुणायचे. ध्वनीचा वेग त्यांना स्वतःच काढू द्या. उत्तर आधी सांगू नका.