सौताड्याच्या घाटात
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'पुण्याहून सायकलवर आलेली आपली मैत्रीण' अशी माझी ओळख करून दिली आणि तुम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. काल दुपारी मी घाटात रडत बसले होते, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

परवाचा नगरपर्यंतचा पल्ला, साधारण १२० किलोमीटर, बरा गेला. काल पहाटे पाचला नगर सोडलं. दिवाळी सरली की आपल्याकडे वारा पूर्वेकडून, म्हणजे दिवसभर तोंडावर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे पुस्तकात शिकले होते. काल ते मांड्यांना कळलं. ताशी वीसनं जाणारी सायकल बारावर आली. आष्टीला बीड जिल्हा लागला, जामखेडला पुन्हा नगर, सौताड्याला पुन्हा बीड. जिल्हे बदलत होते, वारा तोच.

मळमळतं म्हणून सकाळपासून काही खाल्लं नाही, ही माझी चूक. स्नायूंमधली साठवलेली साखर संपली की पाय उचलतच नाहीत. घाटाच्या अर्ध्यात सायकल कठड्याला टेकवली आणि खाली बसले. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार केली, जवळपास पाच हजार किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. निघताना त्या आकड्यानं हुरूप आला होता. घाटात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. कुणाला तरी टेम्पो घेऊन बोलवावं म्हणून मी फोन काढला.

तेवढ्यात वरून उतरणारा एक ट्रॅक्टर इंजिन गरम झालं म्हणून बाजूला थांबला. मागे ट्रॉलीत भांडी, ताडपत्री, शेळी, लेकरं. ऊसतोडीची टोळी कारखान्याकडं निघालेली. एक बाई उतरून माझ्यापाशी आली.

"कुठं चाललीस गं?"

"नेकनूरला."

"येष्टी बंद हाय का?"

"नाही, हौस म्हणून."

"किती पैशे मिळतेत याचे?"

काहीच नाही म्हटल्यावर तिनं बाकीच्या बायकांना हाक मारून मला दाखवलं. सगळ्या पोट धरून हसल्या. मलाही हसू आलं, रडता रडता. मग तिनं अर्धी भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत, म्हणजे पाडव्याच्या आसपासपर्यंत, परत येणं नाही, असं तिनं सहज सांगितलं. माझा दिवस मी निवडलेला होता आणि नको वाटला तर फोन होता. ट्रॉलीत दहा-अकरा वर्षांची एक पोरगी मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. ट्रॅक्टर हलला तेव्हा तिनं मला हात केला.

गूळ विरघळायला अर्धा तास गेला. पुढचं फार सांगण्यासारखं नाही. पाटोद्याला अंधार पडला, मांजरसुंब्याला साडेआठ वाजले. तिथं आपले दोघं वर्गमित्र मोटारसायकलवर येऊन थांबले होते. "गाडीत बस" असं एकदाही न म्हणता ते नेकनूरपर्यंत माझ्या मागून, माझ्या वेगानं, दिवा लावून आले. मोटारसायकल इतकी हळू चालवणं किती त्रासाचं असतं, ते मला माहीत आहे.

आता एक विनंती. स्मरणिकेसाठी केलेली नावांची यादी मी रात्री पाहिली. ती दहावीच्या हजेरीपटावरून केली आहे. सातवीपर्यंत माझ्या बाकावर बसणारी मुलगी त्यात नाही. दरवर्षी दिवाळीनंतर ती जायची, पाडव्याला यायची, आणि एका वर्षी आलीच नाही. नाव घेत नाही. मागच्या रांगेतल्या बऱ्याच जणींना आठवलं असेल. गणितात ती माझ्यापुढं होती, सरांना विचारा. तिचा पत्ता किंवा नंबर कुणाकडं असेल तर जेवणाच्या वेळी मला द्या. आणि पुढची यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करा. हजेरीपट शोधायला आणि नावं टाइप करायला मी येईन, यावेळी येष्टीनं.