चौघांचें संगीत

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, त्यांत माझा कांहीं अधिकार नाहीं, हें आरंभींच कबूल करतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सारें आयुष्य मुलांना गणित शिकवून निवृत्त झालेला एक शाळामास्तर. गाण्याचा नाद आहे. परंतु तो उत्सवांतील बैठकी आणि रेडिओवरील ख्याल-ठुमरी एवढ्यापुरताच. विलायती संगीत म्हणजे चौघांनीं एकाच वेळीं निरनिराळें बोलावें तसा गोंगाट, अशी माझी समजूत होती. ती समजूत मुंबईंतील एका जुन्या चर्चमध्यें, गुड फ्रायडेच्या आधींच्या एका सायंकाळीं कशी पालटली, तेवढेंच सांगावयाचें आहे.

आमंत्रण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें होतें. शाळेंत असतांना तो व्हायोलिन शिकत असे. परीक्षेच्या वर्षीं त्याचें बीजगणित कच्चें राहिलें, तेव्हां मीं त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलें कीं, हें वाद्य आधीं बंद करा. यानें पोट भरत नाहीं. वडिलांनीं ऐकलें. मुलगा पास झाला, पुढें एका कचेरींत चांगल्या हुद्यावर चढला, आणि माझा सल्ला कसा बरोबर ठरला हें मी अनेक वर्षें अभिमानानें सांगत आलों. आतां पन्नाशीजवळ त्यानें पुन्हां वाद्य हातीं घेतलें होतें, व आपल्या पहिल्या कार्यक्रमाला मला बोलावलें होतें. दोन दिवस जावें कीं न जावें या विचारांत गेले, अखेर गेलों.

या प्रकारच्या मेळाला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. त्यांत दोन व्हायोलिनें, एक व्हिओला आणि एक चेलो अशीं चार तंतुवाद्यें असतात. प्रत्येकाला तारा चारच. व्हिओला व्हायोलिनाहून पंचमानें खालच्या स्वरांत लावतात, आणि चेलो त्याहूनहि एक सप्तक खालीं. पुढें उभा राहून काठी हालविणारा कोणी नसतो. चौघांनीं एकमेकांच्या श्वासाकडे व गजाकडे पाहूनच चालावयाचें. हें मूळचें दिवाणखान्यांतील संगीत. ऑस्ट्रियाचा जोसेफ हायडन (१७३२–१८०९) यानें त्याला पक्कें रूप दिलें. आपल्याकडेहि तें अगदींच परकें नाहीं. मुंबईंत मेहली मेहता यांनीं १९४० सालीं असेंच एक क्वार्टेट स्थापिलें होतें. आणि गोव्यांत चर्चच्या शाळांतून व्हायोलिन शिकलेल्या कितीतरी वादकांनीं पुढें आपल्या चित्रपटांचे वाद्यवृंद सजविले.

त्या सायंकाळीं वाजविलेली रचना हायडनचीच होती, आणि तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १७८६ च्या सुमारास स्पेनमधील काडिझ शहराहून त्याला एक मागणी आली. तेथें सांता कुएव्हा नांवाचें भुयारी प्रार्थनामंदिर आहे. ख्रिस्तानें क्रुसावर काढलेल्या सात उद्गारांवर गुड फ्रायडेला प्रवचन होई. भिंती, खिडक्या व खांब काळ्या वस्त्रानें मढवीत. मधोमध एकच मोठा दिवा टांगलेला असे. भरदुपारीं दारें बंद करीत. बिशप एक उद्गार उच्चारी, त्यावर बोले, मग खालीं उतरून वेदीपुढें गुडघे टेकी. तो मौन असेल तेवढा वेळ संगीतानें भरावयाचा, असें सात वेळां. हें सारें हायडननें स्वतःच पुढें लिहून ठेवलें आहे. एकामागून एक सात विलंबित रचना, प्रत्येक सुमारें दहा मिनिटांची, आणि ऐकणारा कंटाळतां कामा नये. हें काम सोपें नव्हतें, असेंहि तो म्हणतो. तो स्वतः स्पेनला कधीं गेला नाहीं. मूळ रचना मोठ्या वाद्यवृंदासाठीं होती. १७८७ सालीं त्यानेंच ती या चार वाद्यांसाठीं उतरविली.

वादन सुरू झालें, आणि पहिलीं दहा-पंधरा मिनिटें माझा जुना ग्रह कायमच राहिला. मी एकच चाल शोधीत होतों, आणि ती हातीं लागली न लागली तोंच दुसरीकडे निसटे. शेवटीं कंटाळून मीं माझ्या विद्यार्थ्याकडे पाहूं लागलों. तो व्हिओला वाजवीत होता. नजर त्याच्यावर खिळली, तसा कानहि तेथेंच गेला. आणि मग मला कळलें कीं, त्याच्या वांट्याला चाल क्वचितच येते. वरचें व्हायोलिन बोलतें, खालचा चेलो पाया घालतो, आणि हा मध्यें राहून दोघांना जोडतो. एके ठिकाणीं तो क्षणभर थांबला, तर साऱ्या नादाचा ओलावाच ओसरल्यासारखा झाला.

तहानेच्या पांचव्या उद्गाराशीं तर सभागृह निःशब्द झालें. तेथें तारा बोटांनीं छेडतात. कोरड्या थेंबांसारखा तो आवाज, आणि त्यावर व्हायोलिनाचे दोनच उतरते स्वर. शब्द एकहि नाहीं. पण तहान ऐकूं आली. सातव्या भागांत व्हायोलिनांच्या घोडीवर आवाज दाबणारी लहानशी चिमटी लावतात, म्हणून तीं दूरवरून बोलल्यासारखीं वाटतात. तें संपतें न संपतें तोंच चौघे मिळून सर्व शक्तीनिशीं भूकंप वाजवितात. दगडी भिंतींत तो नाद घुमून शांत होईपर्यंत टाळ्या वाजविण्याचें कोणालाच सुचलें नाहीं.

बाहेर आंगणांत तो भेटला. मीं म्हटलें, “अरे, त्या वर्षीं माझें चुकलें. तुला बीजगणिताचा एक तास जास्त द्यावयास हवा होता. वाद्य बंद करावयास नको होतें.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, व्हायोलिनाला लागतात तशीं बोटें आतां वळत नाहींत. मधला आवाज मात्र जमतो.”

त्यावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं. आयुष्यभर वर्गांत मीच एकटा बोलत आलों आणि मुलांनीं ऐकलें. ज्याचें ऐकावयास हवें होतें, त्याचें मीं ऐकलें नाहीं.

श्रोतेहो, असा कार्यक्रम कधीं तुमच्या गांवीं झाला, तर अवश्य जा. सारें एकदम समजून घेण्याची धडपड करूं नका. चारांपैकीं एक वाद्य निवडा, शक्य तों मधलें, आणि शेवटपर्यंत त्याच्या मागोमाग चाला. बाकीचीं तीन आपोआप ऐकूं येऊं लागतील. आणि घरांत एखादें मूल वाद्य घेऊन बसलें असेल, तर तें बंद करा असें सांगण्यापूर्वीं एक सायंकाळ त्याच्याजवळ बसून पाहा.