वस्तऱ्यावरची अक्षरे

(हीरक महोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



गेली साठ वर्षे ही शाळा मुलांकडून अक्षरे गिरवून घेत आली आहे. म्हणून आज मी अक्षरांविषयीच बोलणार आहे. मात्र ती पाटीवरची नव्हेत, तर दाढीच्या जुन्या हत्यारांवर दडलेली. नोकरीनिमित्त मी बंगळूरच्या मारतहळ्ळीत राहतो. जुने वस्तरे आणि सेफ्टी रेझर जमवून ते जपण्याचा छंद मला तेथेच लागला.

अशा हत्यारावर दोन प्रकारच्या खुणा आढळतात. पहिली कारखान्याची. वस्तऱ्याच्या पात्याच्या मुळाशी शेफील्ड किंवा झोलिंगेन असे गावाचे नाव ठोकलेले असते. परदेशी मालावर देशाचे नाव असलेच पाहिजे, असे अमेरिकेच्या १८९० च्या मॅककिन्ली कायद्याने ठरवले. त्या नावावरून तिकडे गेलेल्या वस्तऱ्याचा काळ ताडता येतो. १९५० च्या दशकातील अमेरिकन जिलेट रेझरच्या डोक्याखाली एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर वर्ष सांगते, आकडा तिमाही.

दुसरी खूण हाताची. ती मालकाने, कारागिराने किंवा धार लावणाऱ्याने सुईच्या नाहीतर खिळ्याच्या टोकाने कोरलेली असते. वस्तऱ्याच्या मुठीच्या दोन पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, डबीच्या अस्तराखाली, धारेच्या चामडी पट्ट्याच्या पाठीवर ती सापडते. ब्रिटिश फौजेत शिपायाच्या वस्तऱ्यावरही त्याचा नंबर घालण्याची शिस्त होती. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालतात, तोच हा प्रकार. फरक इतकाच, की भांड्यावरचे नाव चारचौघांनी वाचावे म्हणून असते आणि मुठीच्या आतले नाव बहुधा लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते.

माझे आजोबा न्हावी होते. त्यांच्या धोकटीतील एका वस्तऱ्याची पितळी रिव्हेट सैल झाली, तेव्हा मुठीच्या आत मला त्यांच्या नावाचे आद्याक्षर आणि ‘शके १८६९’ असे कोरलेले दिसले. शके १८६९ म्हणजे इसवी सन १९४७-४८. आजोबा शाळेत गेले नव्हते. अक्षराचे वळण कच्चे आहे, वरची रेघ अक्षर ओलांडून पुढे गेली आहे. परंतु आमच्या घराण्यात कोणी लिहिलेले याहून जुने अक्षर माझ्या पाहण्यात नाही. त्यांनीच पुढे माझ्या वडिलांचा हात धरून त्यांना शाळेत नेले.

मित्रहो, धोकटी ही लपवून ठेवण्याची वस्तू आहे, असे अनेक घरांत आजही वाटते. मुले शिकली, मोठ्या शहरांत गेली. घर बदलताना ती धोकटी रद्दीबरोबर वजनावर जाते. अशा वेळी मला १८९० च्या सुमाराचा मुंबईतील संप आठवतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तेथील न्हाव्यांनी विधवांच्या केशवपनास नकार दिला. ज्या हत्यारावर पोट चालायचे, तेच त्यांनी न्यायासाठी खाली ठेवले. लोखंड्यांचे नाव आपण घेतो. त्यांच्यामागे उभे राहिलेल्या बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. कष्टकऱ्याचे नाव कागदावर क्वचितच उतरते. कधीकधी ते त्याच्या हत्यारावरच तेवढे उरते.

म्हणून घरात असे हत्यार असेल, तर आधी पाहा आणि मग पुसा. पॉलिश पेपर किंवा आम्ल लावू नका. शंभर वर्षे टिकलेला ओरखडा दोन मिनिटांत नाहीसा होतो. मऊ फडक्याने धूळ टिपा, बाजूने तिरपा उजेड पाडा, भिंगातून पाहा, छायाचित्र घ्या. धातूवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल हलकेच फिरवली, तरीही अक्षर उमटते. मात्र पाते उघडे नसावे, आणि मुले जवळ असतील तर वडीलधाऱ्यांनी स्वतः हत्यार हाताळावे. मूठ मुद्दाम उकलू नका.

वाचतानाही घाई नको. आकडा दिसला की तो सालच असेल, असे नाही. धारेसाठी आलेल्या वस्तऱ्याचा तो क्रमांकही असू शकतो. नाव मालकाचे असेल, तसे दुरुस्ती करणाऱ्याचेही असेल. घरातील वृद्धांना विचारा, आणि ते जे सांगतील ते त्यांच्या हयातीतच लिहून ठेवा. खूण मोडीत असेल, तर मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

शाळेला माझी एक विनंती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील एका जुन्या हत्याराची खूण शोधावी आणि त्यावर एक पान लिहावे. मग ते हत्यार वस्तरा असो, रंधा असो, शिवणाची कात्री असो वा विळा. ती पाने शाळेच्या ग्रंथालयात राहू द्यावीत. ज्यांनी स्वतः शाळा पाहिली नाही आणि तरीही मुलांना शाळेत पाठवले, त्यांची नावे या निमित्ताने शाळेच्या दप्तरी लागतील.